बक्षिसाचा पैसा आणि आपले ऊसबिलाचे खाते



शेतकी विभागाच्या या पानावर आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची खते, पाचट न जाळता कुजवणे असे विषय घेतो. या वेळी विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. पण तो शेवटी आपल्या ऊसबिलापर्यंत येऊन पोचतो, म्हणून लिहिणे भाग आहे.

ताडकळस गटात फिरताना हल्ली सभासद एक प्रश्न जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. "साहेब, समजा एखाद्याला लॉटरी लागली, नाहीतर मोबाईलवरच्या खेळात पैसे आले, तर बँक खातं बंद करती म्हणतात, खरं का?" दुसरा विचारतो, "हा पैसा शेतीचा म्हणून दाखवला तर चालतं का?" चेष्टेवारी नेण्यासारखे हे प्रश्न नाहीत. आपले ऊसबिल ज्या खात्यावर येते, पीककर्ज ज्या बँकेत असते, पोरांची फी ज्या खात्यातून जाते, तेच खाते अडकले तर घरात वर्षाची कमाई असूनही हाती दमडी येत नाही. म्हणून या पैशाचे कायदेशीर रूप काय, बँक काय पाहते आणि आपण काय करावे, हे या लेखात सविस्तर देत आहे.

पैसा कोणत्या वाटेने आला, हे पहिले पाहा

खेळातला सगळा पैसा कायद्यापुढे सारखा नाही. त्याचे तीन ढोबळ प्रकार करता येतील.

पहिला प्रकार सरकारमान्य लॉटरीचा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादाला लागू नये आणि सरकारच्या तिजोरीत दोन पैसे यावेत, हा त्यामागचा हेतू होता. राज्यांच्या लॉटऱ्यांना १९९८ चा केंद्राचा लॉटरी नियमन कायदा लागू आहे. दूरदर्शन संचावरील प्रश्नमंजूषेचे बक्षीसही कराच्या दृष्टीने याच रांगेत बसते.

दुसरा प्रकार मटका, तिरट, झन्ना-मन्ना यांचा. मटक्याचा उगम आपल्या कापूसवाल्या भागाने ऐकण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतीचे आणि बंदचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्यास सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठी निघायची, म्हणून नाव पडले मटका. भाव गेला, कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे दोन शब्द मात्र मागे राहिले. हा सगळा व्यवहार १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गावात कूपन विकून फटफटीची सोडत काढणे हेही सरकारी परवानगीशिवाय चालत नाही. खाजगी लॉटरी चालवणे भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि बक्षीस भिशीवर तर १९७८ पासून केंद्राच्या कायद्याने बंदी आहे.

तिसरा प्रकार मोबाईलवरचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी मंजूर केला व २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्यासाठी पैशांची ने-आण करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही, पण म्हणून त्याचे खाते सुरक्षित आहे असे समजू नये. ते कसे, हे पुढे येईल.

लॉटरी लागली तर क्रमाने काय करावे

१) तिकिटाच्या मागे ताबडतोब सही, नाव आणि पत्ता लिहावा. त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवावी. तिकीट हाच पुरावा आहे. भिजले, फाटले, उंदराने कुरतडले तर दाद मागणे अवघड.

२) तिकिटावर छापलेली मुदत वाचावी. मुदतीत न मागितलेले बक्षीस १९९८ च्या कायद्याप्रमाणे सरकारजमा होते. "ऊसतोड उरकली की बघू" असे म्हणून चालत नाही.

३) किरकोळ बक्षीस विक्रेता देतो. मोठ्या रकमेसाठी नमुन्यात अर्ज, मूळ तिकीट, ओळखपत्र, पॅनकार्ड आणि बँक पासबुकाची प्रत लागते. रक्कम आपल्या खात्यावर जमा होते आणि ती कुठून आली हे खात्यावर कायमचे दिसते. हेच आपले सगळ्यात मोठे संरक्षण.

४) चौघांनी वर्गणी काढून तिकीट घेतले असेल तर निकालाच्या आधीच एका कागदावर चौघांची नावे, वाटा आणि तिकिटाचा क्रमांक लिहून सह्या कराव्यात. बक्षीस लागल्यावर मैत्री आठवत नाही, कागद आठवतो.

५) "तिकीट मला द्या, दोन पैसे वर देतो, तेही रोख" असे सांगणारा माणूस भेटला तर त्याला वाटेला लावावे. काळा पैसा पांढरा करू पाहणाऱ्यांना लागलेले तिकीट हवेच असते. त्याचा रोख पैसा तुमच्या घरात येतो, आणि तो कुठून आला हे सांगण्याची पाळीही तुमच्यावर येते. शिवाय एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. घेतले तर जेवढी रक्कम तेवढाच दंड.

कराचा हिशोब

इथे बहुतेक शेतकरी बांधवांची गफलत होते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून शेतकऱ्याच्या कोणत्याच पैशाला कर नाही, अशी समजूत आहे. ती चूक आहे. ऊसबिल करमुक्त आहे, लॉटरी नाही. लॉटरीच्या रकमेवर सरळ ३० टक्के कर आहे. त्यात सुरुवातीची सूट नाही आणि खर्च वजा करता येत नाही. वर्षभर हजार रुपयांची तिकिटे काढून वाया गेली, तरी ती वजावट मिळत नाही.

एका बक्षिसाची रक्कम दहा हजारांच्या वर असेल तर देणाराच ३० टक्के कापून घेतो आणि उरलेले देतो. पण काम तिथे संपत नाही. समजा दहा लाखांचे बक्षीस लागले:

बक्षीस: १०,००,००० रुपये
देताना झालेली कपात (३० टक्के): ३,००,००० रुपये
प्रत्यक्ष खात्यावर: ७,००,००० रुपये
करावरील ४ टक्के उपकर: १२,००० रुपये
शेवटी आपले: ६,८८,००० रुपये

हे बारा हजार कपातीत धरलेले नसतात. ते आपण स्वतः भरायचे, तेही ते आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चच्या आत. नाहीतर त्यावर व्याज चढते. नंतर मुदतीत विवरणपत्र भरायचे. कपातीचा दाखला मागून घ्यावा आणि ती कपात आपल्याच पॅन क्रमांकावर जमा झाली आहे ना, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

रक्कम पन्नास लाखांच्या वर गेली की करावर अधिभार लागतो. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी जिंकले, हे आपल्याला आठवत असेल. एक कोटीचे बक्षीस आणि दुसरे करपात्र उत्पन्न नाही असे धरले तर ३० लाख कर, त्यावर १० टक्के अधिभार ३ लाख, आणि दोन्हींवर ४ टक्के उपकर १ लाख ३२ हजार, असे एकूण ३४ लाख ३२ हजार होतात. देताना कापतात ३० लाख. म्हणजे ४ लाख ३२ हजार नंतर भरायचे राहतात. जो पहिल्याच आठवड्यात सगळा पैसा वाटून मोकळा झाला, तो हे कुठून आणणार? म्हणून बक्षीस आले की कराचे राहिलेले पैसे पहिले बाजूला काढावेत.

आणखी एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागील कर-आकारणी वर्षात आयकर भरलेला शेतकरी 'पीएम किसान'च्या सहा हजारांना पात्र राहत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या निकषांतही कुटुंबात आयकरदाता नसावा अशी अट आहे. तेव्हा बक्षिसाच्या वर्षानंतर हे हप्ते थांबले तर तलाठ्याशी भांडू नये. आणि पात्र नसताना घेतलेला पैसा परत द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

बँक काय पाहते आणि का विचारते

बँकेचा साहेब "हे पैसे कुठले?" असे विचारतो तेव्हा आपल्याला राग येतो. पण तो मर्जीने विचारत नाही. बेहिशेबी पैशाला आळा घालणाऱ्या २००२ च्या कायद्याने बँकेवर जबाबदारी टाकली आहे. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त रोख भरायची तर पॅन द्यावा लागतो. बचत खात्यावर एका वर्षात दहा लाख किंवा जास्त रोख भरली तर ती माहिती बँक आयकर खात्याला कळवते. शिवाय खात्याच्या नेहमीच्या चालीशी न जुळणारा व्यवहार दिसला की त्याची खबर दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला द्यावी लागते, आणि ती दिली हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. म्हणून शाखेत नीट उत्तर मिळत नाही तेव्हा दर वेळी अडवणूकच असते असे नाही.

ऊस उत्पादकाच्या खात्याची चाल बँकेला पाठ असते. गाळपाच्या दिवसात बिलाचे हप्ते, त्यातून सोसायटीची वसुली, जूनच्या सुमारास पीककर्ज, मधे सोयाबीन-कापसाची पट्टी. अशा खात्यावर अचानक सात लाख आले तर प्रश्न निघणारच. तो निघण्याआधी आपणच शाखेत जावे. एक साधा अर्ज लिहावा: अमुक तारखेच्या सोडतीत अमुक क्रमांकाच्या तिकिटास बक्षीस लागले असून एवढी कपात होऊन एवढी रक्कम जमा होणार आहे. सोबत तिकिटाची आणि कपातीच्या दाखल्याची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. एवढ्याने निम्म्याहून जास्त त्रास वाचतो.

आता काय करू नये ते सांगतो.

पॅन टाळण्यासाठी रोज पंचेचाळीस-पंचेचाळीस हजार भरू नयेत. तुकड्यांचा हा प्रकारच बँकेच्या यंत्रात लगेच डोळ्यावर येतो.

भाऊ, मेहुणा, गडी यांच्या खात्यांवर पैसा विखरून ठेवू नये. एकाचा प्रश्न चौघांचा होतो.

आणि "शेतीचे उत्पन्न" असे खोटे लिहून देऊ नये. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, आपल्या कारखान्याच्या वजनकाट्यावर टन नोंदलेले आहेत, बिलाची स्लिप आहे. शंभर टन ऊस घालणाऱ्याने दहा लाखांचा ऊस विकला असे म्हटले तर ते खोटे पाडायला अर्धा तास पुरतो.

मग मटक्यात आलेला रोख पैसा बँकेत कसा घालावा, असे कुणी विचारले तर सरळ उत्तर आहे. त्याला सोपी वाट नाही. तो पैसा बेकायदा असला तरी करातून सुटत नाही, आणि कुठून आला हे सांगता आले नाही तर बेहिशेबी पैसा म्हणून जास्तच जाचक आकारणी होते. अशी रक्कम हाती असेल तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकिलाला खरे ते सांगून सल्ला घ्यावा. लपवाछपवीने प्रश्न वाढतो. आणि पुढचा आकडा लावू नये, हे शेतकी विभागाने सांगायची गरज पडू नये.

दुसऱ्याचा पैसा, आपले खाते

सगळ्यात मोठा धोका इथे आहे आणि तो जुगार न खेळणाऱ्यालाही आहे.

सट्टा चालवणाऱ्या टोळ्यांना पैसे फिरवायला खाती लागतात. शेतकऱ्याचे खाते त्यांना फार सोयीचे, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही आणि कुणाला संशय येत नाही असा त्यांचा हिशोब असतो. ओळखीचाच एखादा पोरगा येतो. "काका, दोन दिवस तुमच्या खात्यावर पैसे ठेवतो, तुम्हाला दोन हजार देतो. फक्त एटीएम कार्ड आणि सिम द्या." काका भोळेपणाने देतात.

पुढे काय होते ते पाहा. त्या पैशात कुठल्यातरी दूरच्या गावच्या फसवलेल्या माणसाचे पैसे असतात. तो माणूस १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करतो. पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला ती खाती पोलीस शोधतात आणि बँकेला कळवून रक्कम रोखतात, कधी संपूर्ण खातेच गोठवतात. ऑनलाइन खेळात जिंकलेले म्हणून जे पैसे आपल्याला येतात, तेही पुष्कळदा अशाच कुणाच्यातरी खात्यातून आलेले असतात. म्हणून खेळणाऱ्याला शिक्षा नसली तरी त्याचे खाते अडकते.

आता असे समजा की हे जानेवारीत घडले. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचे असते. बिल त्याच खात्यावर जमा होते, पण काढता येत नाही. खोडव्याला खत घालायचे दिवस निघून जातात, मजुराची उधारी राहते, सोसायटीचा हप्ता थकतो. दोन हजारांच्या लोभाने वर्षाचा ऊस अडकला, असा हा व्यवहार आहे.

खाते गोठले तर घाबरून घरी बसू नये. बँकेकडून लेखी मागावे: कोणत्या पोलीस ठाण्याच्या पत्राने, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी हे केले? ऊसबिलाच्या पावत्या, सातबारा, पासबुकाचा उतारा जोडून त्या पोलीस ठाण्याला अर्ज करावा. वादातली रक्कम सोडून बाकी खाते मोकळे करण्याची विनंती करावी. नाही झाले तर वकिलामार्फत न्यायालयात दाद मागता येते. कारखान्याच्या बिलाची प्रत लागली तर गट कार्यालयातून मिळेल.

खोटी लॉटरी आणि खेळातले देणे

"तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी कराचे पंधरा हजार भरा" असा फोन किंवा चित्र मोबाईलवर आले तर तो ठकवणुकीचा प्रकार समजावा. जे तिकीट आपण काढलेच नाही त्याचे बक्षीस लागत नाही. खरी लॉटरी कर कापून उरलेले देते, आधी मागत नाही. एक अपवाद मात्र माहीत असू द्या. बक्षीस वस्तूरूपात, म्हणजे ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असेल, तर वस्तू देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण तो कर सरकारी चलनाने आपल्या पॅनवर जातो. कुणा गृहस्थाच्या मोबाईल क्रमांकावर जात नाही. हीच खऱ्या-खोट्याची पारख.

खेळात हरून कुणी चिठ्ठी लिहून दिली असेल, तर त्या भीतीने रान गहाण टाकू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे, त्यावर दावा चालत नाही. आपल्या राज्यात १८६५ पासूनच्या कायद्याने अशा देण्यासाठी लिहून घेतलेला कागदही टिकत नाही. दमदाटी झाली तर पोलीस ठाणे गाठावे.

उरलेल्या पैशाचे काय करावे

बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी २०११ साली 'करोडपती'मध्ये पाच कोटी जिंकले. दानधर्माच्या नावाखाली आपली कशी फसवणूक झाली आणि व्यसन कसे जडले, हे त्यांनी २०२० मध्ये स्वतःच जाहीर लिहिले. पैसा मिळवण्यापेक्षा तो सांभाळणे अवघड, हे त्यावरून दिसते.

पहिले कराचे राहिलेले पैसे बाजूला काढावेत. मग थकीत पीककर्ज आणि सावकारी देणे फेडावे. थकबाकी असलेल्या बँकेतच रक्कम आली तर बँक ती कर्जाकडे वळती करू शकते. म्हणून आधीच शाखेत बसून हिशोब मिटवलेला बरा. बाकी रक्कम ठेवीत ठेवायची तर एका बँकेत पाच लाखांपर्यंतच विमा आहे, हे ध्यानात घ्यावे. ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून वाढली. जिल्हा बँकेला हे संरक्षण आहे, पतसंस्थेला नाही. त्यामुळे जास्त व्याजाच्या मोहाने सगळी रक्कम एका ठिकाणी गुंतवू नये. जमिनीचा विसार वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख देऊ-घेऊ नये, धनादेशाने द्यावा.

त्यातून उरलेच तर ठिबक करावे, विहिरीचा गाळ काढावा, मोटार बदलावी. गोदाकाठच्या आपल्या काळ्या रानात पाणी तुटले की ऊस बसतो, हे आपण दुष्काळात पाहिले आहे. आकडा लागतो एखाद्याला आणि बुडवतो पुष्कळांना. वेळेवर दिलेल्या पाण्याची पाळी मात्र प्रत्येकाला लागते.

तरी सर्व सभासदांनी आपले ऊसबिलाचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम कुणाच्याही हाती देऊ नये. ज्यांच्या घरात तरुण मुले मोबाईलवर असे खेळ खेळतात त्यांनी हा मजकूर घरात वाचून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग, ताडकळस गट